मगज भावाचा, हाड बहिणीचें

काटोल-नरखेडकडे ज्यांचें जाणें-येणें आहे अशा आमच्या विद्यार्थ्यांना संत्र्याचें कलम कसें करतात हें सांगावयास नको. प्रथम जंबेरीचें बीं पेरून रोप तयार करतात. तें पेन्सिलीएवढें जाड झालें म्हणजे त्याच्या खोडावर चाकूनें चीर पाडून तींत नागपुरी संत्र्याचा एक डोळा बसवितात व वरून पट्टी बांधतात. डोळा फुटला कीं जंबेरीचा शेंडा छाटून टाकतात. पुढें कांहीं वर्षांनीं त्या झाडाला जीं फळें येतात तीं अस्सल संत्र्याचीं असतात. परंतु जमिनीखालचीं मुळें मात्र शेवटपर्यंत जंबेरीचींच राहतात. वरूड तालुक्यांतील शेंदुरजना घाटच्या रोपवाटिकांतून दरसाल जीं कलमें बाहेर पडतात, तीं अशींच दुहेरी असतात. एका झाडांत दोन झाडें नांदतात आणि एकाचें दुसरें होत नाहीं.

मनुष्याच्या देहांतहि असें एक कलम बांधतां येतें, आणि तें बांधल्यावर फळ कोणाचें व मूळ कोणाचें हा प्रश्न तेथेंहि उभा राहतो. त्याचीच हकीकत आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे. निमित्त झालें तें असें. गेल्या हिंवाळ्यांत एका विद्यार्थिनीची आई आम्हांस भेटावयास आली. मुलीला सिकलसेलचा आजार. थंडी पडूं लागली कीं हातपाय, पाठ व छाती यांत कळा येतात. आठ-आठ दिवस शाळा बुडते. धाकट्या भावाचा मगज तिला जुळतो असें तपासणींत आढळलें होतें, व मगजरोपण करावें कीं नाहीं याचा घरांत खल चालला होता. खर्च, धोका, परगांवीं महिनोन्‌महिने राहणें, या गोष्टी ती माउली बोललीच, पण उठून जातां जातां दाराशीं थांबून तिनें हळूच विचारलें, "सर, पोराचा मगज पोरीच्या हाडांत भरला, तं पोरगी पोरगीच राहीन ना?"

या प्रश्नाला हंसण्याचें कारण नाहीं. अमेरिकेंतील सिॲटल शहरीं मगजरोपणाचे जे आद्य आचार्य होऊन गेले, त्यांच्याच मंडळींकडून या प्रश्नाच्या एका भागाला १९८२ सालीं एक उत्तर मिळालें आणि १९८७ सालीं नेमकें त्याच्या उलट. तेव्हां आम्हींहि त्या माउलीस दाराशींच उत्तर दिलें नाहीं; तिला पुन्हां बसविलें.

प्रथम मगज म्हणजे काय तें पाहूं. मटणाची नळी ठोकून तींतला मगज काढणें हें नागपूरकरांस नवीन नाहीं. तो बहुधा पिवळट व चरबीचा असतो. रक्ताचा कारखाना तेथें बंद पडलेला असतो. मोठ्या माणसाच्याहि हातापायांच्या लांब हाडांत बहुतांशीं हाच पिवळा मगज असतो. ज्यांत रक्त तयार होतें तो लाल मगज कंबरेचें हाड, मणके, छातीचें हाड, बरगड्या व कवटी यांत राहतो. तेथून दर सेकंदाला सुमारें वीस ते पंचवीस लाख तांबड्या पेशी रक्तांत उतरतात. (एक गणित सोडवीपर्यंत किती उतरल्या, हें आमच्या विद्यार्थ्यांनींच काढावें.) तांबडी पेशी सुमारें १२० दिवस जगते, म्हणजे दिवाळींत आपल्या अंगांत ज्या तांबड्या पेशी खेळत होत्या, त्यांपैकीं होळीनंतर फारशी एकहि उरलेली नसते.

हा सर्व पसारा ज्या थोड्या पेशींवर चालतो त्यांना मूळपेशी म्हणतात. मूळपेशी दुभंगते, तेव्हां तिची एक लेक आईसारखीच राहूं शकते व दुसरी तांबडी, पांढरी किंवा रक्त गोठविणारी पेशी होण्याच्या वाटेला लागते. परंतु या मूळपेशी हाडांत सुट्या पडलेल्या नसतात. त्यांच्या भोंवतीं दुसऱ्याच कुळींतील पेशींचें जाळें असतें. कोणी तंतू विणतात, कोणी चरबी सांठवितात, कोणी हाड घडवितात, तर कोणी सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींना लगटून राहतात. या सर्वांना आम्ही या लेखापुरतें आधारपेशी म्हणूं. 'आधार' म्हटलें कीं खांब-तुळया डोळ्यांपुढें येतात. पण यांचें काम तेवढेंच नाहीं. त्या रस पाझरवितात व त्या रसांवर मूळपेशी जगते. त्या तिला जागीं धरून ठेवतात व केव्हां दुभंगावें, केव्हां स्वस्थ राहावें याचे संकेतहि देतात. म्हणून खांबापेक्षां आमच्या काळ्या मातीची उपमा अधिक जुळते. मूळपेशी हें बीं व आधारपेशी ही माती.

आतां सिकलसेलमध्यें बिघडतें काय? विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशींचें पहिलें वर्णन शिकागो येथील डॉ. जेम्स हेरिक यांनीं १९१० सालीं प्रसिद्ध केलें. १९४९ सालीं लिनस पॉलिंग व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें कीं दोष पेशीच्या कवचांत नसून तिच्या आंतल्या हिमोग्लोबिन या तांबड्या द्रव्यांतच आहे. पुढें असेंहि कळलें कीं त्या द्रव्याच्या एका साखळींतील १४६ दुव्यांपैकीं अवघा सहावा दुवा बदललेला असतो. एवढ्याशा फरकानें प्राणवायु सोडून दिल्यावर तें द्रव्य आंतल्या आंत काड्यांसारखें गोठतें, पेशी विळ्यासारखी वांकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, आणि मग त्या कळा सुरू होतात. अशी पेशी १२० दिवस नव्हे, दहा-वीस दिवसच टिकते. भारतांत या विकाराचीं पहिलीं वृत्तें १९५२ सालीं आलीं, आणि शुक्ल व सोळंकी यांनीं मध्य भारतांतील त्याच्या आढळाविषयींचा लेख १९५८ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केला. आज विदर्भांत हा शब्द न ऐकलेलें घर विरळा. आईबाप दोघेहि नुसते वाहक असले, त्यांना स्वतःला कांहीं त्रास नसला, तरी प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याचा संभव चारांत एक असतो. १ जुलै २०२३ रोजीं मध्यप्रदेशांतील शहडोल येथून जी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तींत गांवोगांव रक्ततपासणीवर भर दिला आहे तो याचसाठीं.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावर उभें आहे. सिकलसेलची चूक देहांतील प्रत्येक पेशींत लिहिलेली असते खरी, परंतु ती वाचली जाते फक्त तांबड्या पेशी घडतांना. आधारपेशी हिमोग्लोबिन बनवीतच नाहींत. म्हणजे मातींतहि ती चूक आहे, पण ती तेथें मुकी आहे. पीक बिघडतें तें बियामुळें. तेव्हां बीं बदललें कीं पीक बदलावें.

बीं बदलण्याची ही कल्पना कशी सुचली, तो इतिहास थोडक्यांत सांगतों. दुसऱ्या महायुद्धानंतर अणुबाँबच्या किरणांनीं मगज कसा जळतो याचा अभ्यास जोरानें सुरू झाला. १९४९ सालीं शिकागोचे लिऑन जेकबसन यांस दिसलें कीं उंदराची प्लीहा शिशानें झांकून मग त्याच्यावर मारक किरण सोडले, तर तो वांचतो. १९५१ सालीं एगॉन लोरेन्झ व सहकारी यांनीं दाखविलें कीं किरणांनंतर दुसऱ्या उंदराचा मगज टोंचला तरीहि प्राणी वांचतो. पण वांचतो तो कशानें? त्या मगजांतील एखाद्या संजीवक रसानें, कीं त्यांतील पेशी नव्या घरांत रुजल्यानें? यावर पुष्कळ वाद झाला. इंग्लंडांतील हार्वेल येथें फोर्ड व त्यांचे सहकारी यांनीं १९५६ सालीं तो मिटविला. त्यांनीं मगज घेतला तो अशा उंदरांचा, ज्यांच्या पेशींत एक चमत्कारिक आखूड गुणसूत्र होतें व तें सूक्ष्मदर्शकाखालीं चटकन ओळखूं येई. वांचलेल्या उंदरांच्या मगजांत पाहतात तों तेंच आखूड गुणसूत्र! रस नव्हता, बींच होतें. ही खूण लावण्याची युक्ति वाचकांनीं विसरूं नये. ती पुढें पुन्हां उपयोगी पडणार आहे.

मातीचें महत्त्व समजलें तेंहि उंदरांमुळेंच. अमेरिकेंतील बार हार्बर येथें एलिझाबेथ रसेल यांनीं व कॅनडांतील टोरांटो येथें मॅक्युलॉक व टिल यांनीं दोन जातींच्या उंदरांवर काम केलें. दोन्ही जाती जन्मतः पंडुरोगी. वरवर पाहतां आजार एकच. एका जातीला निरोगी मगज दिला, तों ती बरी झाली. दुसरीला तोच मगज दिला, तों कांहीं उपयोग झाला नाहीं. मग उलट करून पाहिलें. या दुसऱ्या, न सुधारणाऱ्या जातीचा मगज पहिल्या जातीला दिला. आणि काय आश्चर्य, पहिली जात बरी झाली! म्हणजे दुसऱ्या जातीचें बीं उत्तम होतें, माती वाईट होती. पहिलीची माती उत्तम होती, बीं वाईट होतें. इतका सरळ व इतका सुंदर प्रयोग आमच्या वाचनांत क्वचितच आला असेल. गणितांतील दोन समीकरणें मांडून दोन अव्यक्तें काढावीं तसा तो आहे.

माणसांत हें काम उभें केलें तें डॉ. डॉनल टॉमस यांनीं. १९५७ पासून त्यांनीं रुग्णांस मगज देऊन पाहिला. प्रारंभीं अपयशावर अपयश आलें, पुष्कळांनीं हा नाद सोडला, पण टॉमस यांनीं सोडला नाहीं. १९९० सालीं त्यांस मूत्रपिंडरोपण करणारे जोसेफ मरे यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांच्याच सिॲटल येथील संस्थेंत शिकून आलेले डॉ. सुरेश अडवाणी यांनीं मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयांत २० मार्च १९८३ रोजीं भारतांतील पहिलें यशस्वी मगजरोपण केलें. डॉ. अडवाणी यांस बालपणीं पोलिओ झाला होता व ते चाकांच्या खुर्चींतूनच रुग्णालयांत वावरत. रुग्ण होती नऊ वर्षांची एक मुलगी, तिला रक्ताचा कर्करोग झालेला. आणि मगज दिला होता तिच्या भावानें. आमच्या माउलीच्या प्रश्नाशीं ही जोडी किती तंतोतंत जुळते, हें वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल. सिकलसेलचें म्हणाल तर १९८४ सालीं अमेरिकेंतील मेंफिस येथून प्रसिद्ध झालेल्या वृत्तांत अशीच एक मुलगी आढळते. तिला कर्करोग व सिकलसेल हे दोन्ही आजार होते. रोपण केलें तें कर्करोगासाठीं. पण बीं बदलल्यानें सिकलसेलहि गेला. आणि मगज देणारें भावंड स्वतः सिकलसेलचें वाहक होतें! वाहकाचा मगज चालतो हें अनेक आईबापांस ठाऊक नसतें, म्हणून मुद्दाम सांगितलें.

रोपण हा शब्द ऐकून पुष्कळांस वाटतें कीं हाड चिरून आंत मगज भरतात. तसें नाहीं. देणाऱ्यास भूल देऊन त्याच्या कंबरेच्या हाडांतून सुईनें मगज काढून घेतात. घेणाऱ्याच्या दर किलो वजनामागें दहा ते वीस मिलिलीटर इतका तो लागतो, व देणाऱ्याची ही तूट थोड्याच आठवड्यांत भरून येते. हल्लीं पुष्कळदां औषध टोंचून मूळपेशी रक्तांत उतरवितात व त्या रक्तांतूनच गाळून घेतात. इकडे घेणाऱ्यास आधीं कित्येक दिवस जालीम औषधें देऊन त्याच्या स्वतःच्या मूळपेशी नष्ट केलेल्या असतात. मग तो मगज साध्या रक्तासारखा शिरेंतून सोडतात. त्यांतील मूळपेशी रक्ताबरोबर सर्व देह फिरतात आणि आपलें घर हाडांत आहे हें ओळखून तेथें उतरतात. संत्र्याच्या डोळ्याला माळी हातानें बसवितो. येथें डोळाच खोड शोधीत येतो. तेव्हां आमची कलमाची उपमा येथें थोडी लंगडी पडते, हें आम्हांस मान्य आहे. दोन ते चार आठवड्यांत नवें रक्त दिसूं लागतें. मधला काळ अवघड असतो, कारण त्या दिवसांत जंतूंशीं लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जवळजवळ नसतातच.

आतां मुख्य प्रश्न. शिरेंतून जो मगज गेला त्यांत बीं होतें, तसे मातीचेहि कण होते. रोपणानंतर रक्त दात्याचें झालें, हें निर्विवाद. पण हाडांतील माती कोणाची? जुनी रोग्याचीच राहिली, कीं तीहि दात्याची आली?

हें ओळखण्यास हार्वेलच्या आखूड गुणसूत्रासारखी खूण पाहिजे. माणसांत ती निसर्गानेंच लावून ठेवली आहे. पुरुषाच्या पेशींत य हें एक लहानसें गुणसूत्र असतें. स्त्रीच्या पेशींत तें नसतें. भावाचा मगज बहिणीला दिला, म्हणजे ज्या पेशींत य दिसेल त्या भावाच्या. दिसणार नाहीं त्या बहिणीच्या. याहून सोपी कसोटी कोणती? सिॲटलच्या मंडळींनीं रोपण झालेल्या रुग्णांचा मगज कांचपात्रांत वाढविला. कांहीं आठवड्यांत पात्राच्या तळाला आधारपेशींचा थर धरतो. तो तपासून कीटिंग व सहकारी यांनीं १९८२ सालीं 'नेचर' या नियतकालिकांत लिहिलें कीं थर दात्याचा आहे. म्हणजे बियाबरोबर मातीहि आली.

पांच वर्षांनीं, १९८७ सालीं, त्याच नियतकालिकांत सिमन्स व सहकारी यांनीं लिहिलें कीं आधारपेशी रोग्याच्याच आहेत, दात्याच्या नव्हेत. गंमत अशी कीं दोन्ही लेखांवर टॉमस यांचें नांव आहे. आपल्याच नांवानें छापलेलें मत आपल्याच नांवानें खोडण्यास जें मन लागतें, त्याचें आम्हांस त्यांच्या नोबेल पारितोषिकाइतकेंच कौतुक वाटतें. मग पहिल्या वेळीं चुकलें कोठें? खूण बरोबर होती; मोजलेल्या वस्तूंत भेसळ होती. पात्राच्या तळाशीं जो थर धरतो त्यांत आधारपेशींच्या जोडीला भक्षक पेशीहि चिकटून बसतात. त्या दिसण्यांत यांच्यासारख्या, राहण्यास यांच्या शेजारीं, पण कुळानें रक्ताच्या; मूळपेशींपासून जन्मलेल्या. त्यांच्यांत दात्याची खूण सांपडणारच. सिमन्स यांनीं पेशींच्या अंगावरील निराळ्या खुणांनीं आधीं कूळ ओळखलें व मग य शोधला. तेव्हां भक्षक पेशी दात्याच्या व खऱ्या आधारपेशी रोग्याच्या, असा उलगडा झाला. त्याच वर्षीं दुसऱ्या एका शास्त्रज्ञमंडळीनेंहि स्वतंत्रपणें हाच निर्णय दिला. वावरांत पाहणी करणाऱ्यानें मातींत पडलेल्या पालापाचोळ्यालाच माती समजावें, तसें पहिल्या वेळीं झालें होतें.

असें कां व्हावें, याचीं कारणें आतां बरींच कळलीं आहेत. मूळपेशींपासून निघणाऱ्या पेशी भराभर दुभंगतात व जालीम औषधें दुभंगणाऱ्या पेशींवरच तुटून पडतात. आधारपेशी संथ, क्वचित दुभंगणाऱ्या. म्हणून त्या त्या वणव्यांतून बहुतांशीं वांचतात. जागाच रिकामी झाली नाहीं, तर नवा भाडेकरू येणार कोठून? शिवाय मगजांत त्या मुळांतच विरळ असतात. दहा हजारांपासून एक लाखापर्यंत पेशी मोजाव्या तेव्हां एखादी. आणि शिरेंतून सोडल्यावर त्यांतील बहुतेक फुप्फुसाच्या बारीक जाळ्यांत अडकतात. मूळपेशींप्रमाणें हाडाचा पत्ता शोधीत जाण्याची कला त्यांना फारशी अवगत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, मग माती एका देहांतून दुसऱ्या देहांत कधींच जात नाहीं काय? जाते, पण निराळ्या रीतीनें. मॉस्को येथील अलेक्झांडर फ्रीडेनस्टाइन यांनीं १९६० नंतरच्या दशकांत मगजाचा सबंध तुकडा प्राण्याच्या मूत्रपिंडाच्या आवरणाखालीं ठेवून पाहिला. कांहीं आठवड्यांत तेथें, जेथें हाड असण्याचें कांहीं कारण नाहीं तेथें, हाडाची एक इवलीशी पेटी तयार झाली व तींत मगज भरला. तपासणींत आढळलें कीं पेटीचें हाड व आधारपेशी दात्याच्या होत्या, पण तींत जें रक्त तयार होत होतें तें यजमानाचें! म्हणजे आमच्या रोपणाच्या अगदीं उलट. याचा अर्थ लावणें कठीण नाहीं. रोप मातीच्या गोळ्यासह उचलून लावलें तर जुनी माती त्याच्याबरोबर जाते. नुसतें बीं फेंकलें तर तें मिळेल त्या मातींत उगवतें. फ्रीडेनस्टाइन यांनीं गोळा लावला, सिॲटल-मुंबईच्या डॉक्टरांनीं बीं फेंकलें. १९७० सालीं फ्रीडेनस्टाइन यांनीं या आधारपेशी कांचपात्रांत एकएकट्या वाढवून त्यांच्या वसाहतीहि दाखविल्या, आणि मातीलाहि स्वतःचें बीं असतें हें कळलें.

तरी 'कधींच नाहीं' असें म्हणण्याची घाई आम्ही करीत नाहीं. मेंफिस येथील हॉर्विट्झ व सहकारी यांनीं ज्यांचीं हाडें जन्मतः कांचेसारखीं ठिसूळ असतात अशा तीन मुलांना मगज दिला व १९९९ सालीं आपलें वृत्त प्रसिद्ध केलें. त्या मुलांच्या हाड घडविणाऱ्या पेशींत शंभरांमागें दीड ते दोन दात्याच्या आढळल्या. संख्या लहान, पण शून्य आणि दीड यांत फरक असतो, आणि ज्या मुलाचें हाड उठतां-बसतां मोडतें त्याला तो अधिकच जाणवतो.

हा वाद केवळ पंडितांचा नव्हे, हें आमच्या वाचकांस पटावें म्हणून दोन शब्द अधिक. मातीच रोग्याची राहणार असेल, तर तिची निगा डॉक्टरांस रोपणाच्या आधीं व नंतरहि राखावी लागते. किरण फार दिले, औषधें फार कडक झालीं, तर बीं चांगलें असूनहि नीट रुजत नाहीं. वर्षानुवर्षें पेशी अडकून अडकून ज्या सिकलसेलच्या रुग्णाचीं हाडें आंतून झिजलीं आहेत, त्याचीं तीं झिजलेलीं हाडें नवें रक्त आलें म्हणून नवीं होत नाहींत. जुळणारा भाऊ वा बहीण असेल तर डॉक्टर लहान वयांतच रोपणाचा विचार करावयास सांगतात, त्याचें हेंहि एक कारण आहे. उलटपक्षीं बीं सर्वच्या सर्व बदललें पाहिजे असेंहि नाहीं. कलमाच्या खुंटावर अधूनमधून जंबेरीचे फुटवे येतात, तसें रोग्याचें स्वतःचें जुनें बींहि कधीं पुन्हां डोकें वर काढतें. संत्र्याचा बागवान ते फुटवे खुडून टाकतो. सिकलसेलमध्यें मात्र मगजांतील एक-पंचमांशाच्या आसपास बीं दात्याचें टिकलें तरी रोग बहुधा आवरतो. निरोगी तांबडी पेशी चार महिने जगते व विळ्याची पेशी दोन-तीन आठवड्यांत मरते. तेव्हां कारखान्यांत वांटा थोडा असला तरी रक्तांत तिचाच भरणा अधिक होतो.

धोके लपविणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. दात्याच्या पांढऱ्या पेशी नव्या घराला परकें समजून त्वचा, आंतडीं व यकृत यांवर उलटूं शकतात. हें दुखणें कधीं सौम्य असतें तर कधीं प्राणावर बेततें. तीं जालीम औषधें पुढें अपत्य होण्याच्या शक्तीलाहि बाधा आणूं शकतात, व त्याविषयीं डॉक्टरांशीं आधींच बोलावें लागतें. जुळणारें सख्खें भावंड मिळण्याचा संभव प्रत्येक भावंडामागें चारांत एक. ज्यांना तें मिळत नाहीं त्यांतील अनेकांस हायड्रॉक्सियूरिया या नित्य घेण्याच्या औषधानें बराच आराम पडतो. अमेरिकेंत डिसेंबर २०२३ मध्यें अशा एका उपचारास मान्यता मिळाली कीं ज्यांत रुग्णाचेंच बीं काढून, त्याच्यावर संस्कार करून, त्यालाच परत देतात. तेथें बींहि आपलें आणि मातीहि आपली. किंमत मात्र सध्यां आमच्या-तुमच्या कल्पनेपलीकडची आहे.

त्या माउलीला आम्हीं एवढें सर्व सांगितलें नाहीं. तिला सांगितलें तें असें. भावाचा मगज रुजला, तर मुलीच्या दंडांतून काढलेल्या रक्तांत डॉक्टरांना मुलाची खूण दिसेल. दोघांचे रक्तगट निराळे असले तर कांहीं महिन्यांनीं तिचा गट भावाचा होईल, आणि शाळेच्या दाखल्यावर तो लिहिलेला असेल तर आम्हांस बदलावा लागेल. पण तें रक्त जेथें पिकेल तें हाड व हाडाच्या आंतली माती मुलीचीच राहील. तिचे केस, नखें, डोळे, आवाज, यांतील कांहींहि भावाकडे जाणार नाहीं. पुढें तिला मूल झालें तर तें तिच्याच बीजाचें होईल. आणि म्हणूनच सिकलसेलची ती जुनी चूक, जी तिच्या रक्तांतून गेली असेल, ती तिच्या बीजांत राहीलच, तेव्हां लग्न ठरवितांना मुलाकडची रक्ततपासणी तरीहि करावी लागेल.

हें शेवटचें ऐकून ती जरा विचारांत पडली. मग म्हणाली, "म्हणजे बुडखा तिचाच राहीन." त्यांच्या घरीं संत्र्याचीं चाळीस झाडें आहेत, हें आम्हांस तेव्हांच कळलें.